नळाला पाणी आलं आणि एअर फिल्टर गेला

मोटारीच्या इंजिनालाही नाक असतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी अकरा वर्षं मी तीच गाडी चालवत होतो, तिच्यात पेट्रोल भरत होतो, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालत होतो. पण ती श्वास कुठून घेते हा प्रश्न मला कधी पडला नाही. सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला असे प्रश्न पडत नसतात. फाइल पुढं सरकली की त्याला पुरतं, ती कशाच्या जोरावर सरकली हे तो विचारत नाही.

हे नाक मला दाखवलं आमच्या आबांनी. आबा म्हणजे माझे वडील, मल्हारी. साठेक वर्षं त्यांनी मेंढरं राखली. मागच्या दिवाळीत गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला, तेव्हा कळप गावाकडे, बिडकीनला माझ्या चुलतभावाच्या, बिभीषणच्या हवाली करून ते आणि आई शहरात, गारखेड्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी गुडघ्याचे डॉक्टर आणि दर पंधरा मिनिटांनी मेंढरांची आठवण, असा त्यांचा दिनक्रम आहे.

तर त्या गुरुवारी त्यांना डॉक्टरांकडे नेत होतो. सेव्हन हिल्सच्या पुलावर चढताना गाडी कण्हायला लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तसा नुसता आवाज वाढायचा, वेग काही वाढायचा नाही. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आला, शेजारून पुढं गेला आणि जाताना त्याने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी अजून विसरलेलो नाही. आबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "हिची छाती भरलीया. धूळ बसली आत."

मी त्यांना समजावून सांगितलं की गाडीला छाती नसते, चढ आहे म्हणून असं होतं. पूल उतरून दवाखाना आल्यावर, उतरता उतरता ते एवढंच म्हणाले, "मिस्तरीला दाव. तुला नाय जमायचं. तू कागदावरचा माणूस."

हे ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. आबा चिडून बोलत नाहीत. एखादं मेंढरू लंगडं आहे हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात त्यांनी मला माझी किंमत सांगितली. डॉक्टर गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी मनात स्वतःची बाजू मांडत होतो. मी गॅसचा सिलिंडर स्वतः बदलतो. ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवतो. एकदा इस्त्रीची वायरही जोडली होती, फ्यूज उडाला तो नंतर.

नुसत्या माझ्या अब्रूचा प्रश्न असता तर मी गिळून टाकलं असतं. पण येत्या रविवारी बिडकीनला कातरणी होती, म्हणजे मेंढरांची लोकर कातरायचा दिवस. आमच्या घराण्याचा रिवाज असा की पहिलं मेंढरू घरातल्या वडीलधाऱ्याने कातरायचं. त्याचा हात लागेपर्यंत दुसऱ्या कुणी कातर उघडायची नाही. आणि सोमवारी पहाटे कळप चारणीला गंगापूरकडे निघणार, तो पार पावसाळ्याच्या तोंडावर परतणार. आबांना मेंढरं बघायची असतील तर रविवार हाच दिवस होता.

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिवाळीपासून आबांनी दोनदा मेंढरांकडे जायचं म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो होतो. पहिल्या खेपेला टायर बसलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्या खेपेला बॅटरी. खरं तर टायर टणक होता आणि बॅटरी ठणठणीत होती. मला रविवारची झोप हवी होती, इतकंच. लांडगा आला रे आला म्हणून गावाला फसवणाऱ्या पोराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मी तोच खेळ ज्याने खरोखरचे लांडगे हाकलले त्या माणसाबरोबर खेळत होतो. आणि आता गाडी खरंच बिघडली होती. तिसऱ्यांदा ते तोंड घेऊन आबांसमोर कसं उभं राहायचं?

आमचा नेहमीचा मिस्तरी पुतणीच्या लग्नाला लासूर स्टेशनला गेलेला. सर्व्हिस सेंटरवाल्या बाईंनी फार गोड आवाजात मंगळवारची तारीख दिली. मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसरा तरुण बोनेट उघडतो, एका काळ्या डब्याच्या चार क्लिपा काढतो, आतून घड्या घातलेल्या कागदाचा एक चौकोन उचलतो, नवा ठेवतो, झाकण लावतो आणि पुन्हा हसतो. या कागदातून गाळून हवा इंजिनात जाते. कागद धुळीने भरला की गाडीला धाप लागते. पाच मिनिटांचं काम, असं तो म्हणाला. आणि मुख्य म्हणजे ती वस्तू कागदाची होती. कागदावरचा माणूस म्हणून मला हिणवणाऱ्याला याहून चोख उत्तर काय असणार होतं?

शुक्रवारी किरकोळ रजा टाकून मी पार्किंगमध्ये उतरलो. बोनेट उघडण्याचा खटका गाडीच्या आत कुठंतरी असतो हे मला ठाऊक होतं. पहिला खटका ओढला तर मागची डिकी उघडली. दुसरा ओढला तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण. तिसऱ्याने मी सीटसकट आडवा झालो. सगळं मुद्दाम तपासतो आहे असा चेहरा मी ठेवला, पण तोवर प्रेक्षक जमायला लागले होते.

पहिले आले सुदर्शनराव. ते वाळूजला एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय चहा जात नाही. कंपनीत म्हणे पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं. त्यांनी ते तिथंच सुरू केलं. गाडी ओढत नाही, का? हवा मिळत नाही. का? फिल्टर भरला. का? कधी बदलला नाही. का? लक्ष दिलं नाही. पाचवा 'का' आला तेव्हा मी खटका सापडल्याचं जाहीर केलं आणि तो नेमका खरंच सापडला.

दुसरे राजकुमारराव. पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात गाडी घेतली नाही, पण त्यांच्या साडूकडे गाडी होती आणि त्या गाडीला जगात होऊ शकतील ते सगळे आजार होऊन गेले होते. माझ्या गाडीचं लक्षण ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि साडूच्या गाडीचंही अस्संच सुरू झालं होतं म्हणून सांगितलं. साडूच्या गाडीच्या सगळ्या गोष्टी शेवटी ती भंगारात कशी गेली तिथं संपतात, हे मला माहीत असल्याने मी पुढचं विचारलं नाही.

तिसऱ्या दीपमाला मॅडम, आमच्या सोसायटीच्या सचिव. त्या खाली आल्याच नाहीत. त्यांनी बाल्कनीतून एकदा बघितलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास मनाई आहे, अपवाद हवा असल्यास रीतसर अर्ज करावा. मी बोनेट तसंच उघडं ठेवून वर गेलो आणि अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, सगळं यथासांग. दहा मिनिटांत अर्ज परत आला. समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'तेलगळती न होण्याबाबतचे हमीपत्र सोबत जोडलेले दिसून येत नाही.' सत्तावीस वर्षांत मी हजारो अर्ज त्रुटी काढून परत पाठवले आहेत, पण इतकी देखणी त्रुटी माझ्या हातूनही निघाली नसती. राग यायच्या आधी मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. हमीपत्र लिहून दिलं, परवानगी मिळाली, दुपारचे साडेबारा वाजले.

काळ्या डब्याच्या तीन क्लिपा शहाण्यासारख्या निघाल्या. चौथी टणकन उडाली आणि इंजिनाच्या पोटात कुठंतरी गेली, ती अजून तिथंच असावी. झाकण उचललं तर आत लिंबाची वाळकी पानं, कबुतराची पिसं आणि शेंगांच्या टरफलांचा छोटा ढीग. कुण्या उंदराने तिथं हिवाळा काढलेला दिसत होता. फिल्टर मुळात कुठल्या रंगाचा होता ते कळायला मार्ग नव्हता. अकरा वर्षांत शहरात जेवढे रस्ते खोदले गेले त्या सगळ्यांची माती त्या घड्यांमध्ये क्रमाने लावून ठेवलेली होती. मी तो दोन्ही हातांवर धरून घरात नेला आणि आबांसमोर ठेवला. त्यांनी एका घडीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय." मला ती शाबासकी वाटली. आता मला वाटतं की ते फक्त धुळीबद्दल बोलत होते.

नवा फिल्टर आणायचा तर जुना नमुना दाखवायला लागतो, म्हणून मी तो बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवला आणि जेवून पडलो. माझी चूक असेल तर ती एवढीच.

आमच्याकडे नळाला पाणी सात-आठ दिवसांतून एकदा येतं आणि ते कोणत्या दिवशी, किती वाजता येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ते येतं तेव्हा मात्र घरात युद्ध सुरू झाल्यासारखी पळापळ होते. ड्रम, टाक्या, बादल्या, कळशा, कुकरची भांडी, जे जे पोकळ असेल ते भरायचं. आणि पाणी चालू आहे तोवर जे जे मळकं असेल ते धुवायचं. आमची आई राजाबाई या बाबतीत फार कडक आहे. जिने कळपामागे हिंडताना हंडाभर पाण्यासाठी दीड-दीड कोस पायपीट केली, तिला वाहता नळ असताना घरात मळकी वस्तू राहणं हा अधर्म वाटतो. त्या दुपारी पाणी आलं तेव्हा मी घोरत होतो. तिने सतरंज्या धुतल्या, पायपुसणी धुतली, देव धुतले, पंख्याची पाती धुतली, माझी ऑफिसची बॅग आतल्या दोन परिपत्रकांसकट धुतली. आणि मग तिची नजर बाल्कनीत गेली.

मी उठलो तेव्हा फिल्टर गच्चीवर दोरीला, दोन चिमटे लावून, वाळत होता. सोड्याच्या पाण्यात भिजवून, ब्रशने घासून, चार पाण्यांतून काढलेला. काही घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काही फुटून बाहेर आल्या होत्या आणि मधूनच आरपार आभाळ दिसत होतं. आई शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"किती मळवलं व्हतंस रं," ती म्हणाली. "बघ कसं पांढरंफेक निघालं."

मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडवत नव्हतं. या फ्लॅटमध्ये आल्यापासून तिला तिच्या हाताजोगं काम नव्हतं. ना चूल, ना कोकरं, ना रान. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळला होता. मी म्हटलं, फार छान निघालं. मागं जिन्यात माझी बायको सत्यशीला पदर तोंडात धरून भिंतीला टेकली होती आणि तिचे खांदे हलत होते. तिला मी त्या दिवशी काही विचारलं नाही.

शनिवारी सुट्टी असूनही साहेबांनी कुठल्याशा तातडीच्या माहितीसाठी बोलावून घेतलं. ती माहिती कुणाला हवी होती हे साहेबांनाही माहीत नव्हतं. तिथून सुटून रिक्षाने शहागंजला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. गाड्यांच्या सुट्या भागांचं ते दुकान म्हणजे एक लांबट बोळ आहे आणि त्याच्या तोंडाशी पांढऱ्या दाढीचे चाचा स्टुलावर बसलेले असतात. मी पिशवीतून आईने धुतलेला फिल्टर काढून काउंटरवर ठेवला. चाचांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला.

"साब, ये कुरडई कायकू लाए? फिल्टर लाना था."

मी घरातली परिस्थिती थोडक्यात सांगितली. त्यांनी मोठ्या सभ्यपणे हसू दाढीत जिरवलं, याच्यावरून माप कळायचं नाही म्हणाले आणि गाडी कोणत्या साली घेतली ते विचारलं. या प्रश्नासाठी मी तयार होतो. मी आरसी बुकाची साक्षांकित प्रत काढली. जानेवारी दोन हजार चौदा. चाचांनी मान हलवली. त्याच साली या गाडीचं मॉडेल बदललं होतं, नव्याचा फिल्टर मोठा. पण जानेवारीत नोंदलेल्या कितीतरी गाड्या आदल्या वर्षी बनून पडलेल्या असतात, त्यांना जुनाच लागतो. गाडी घेऊन या, बघून देतो, असं त्यांचं म्हणणं.

एवढं सांगूनही मी ऐकलं नाही. त्यांना मी शांतपणे समजावलं की शासनाच्या अभिलेखात दोन हजार चौदा आहे म्हटल्यावर गाडी दोन हजार चौदाचीच समजली पाहिजे. गाडी स्वतः काय म्हणते याला कायद्यात काही किंमत नाही. चाचांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या प्रतीवरच्या गोल शिक्क्याकडे पाहिलं आणि मोठा फिल्टर काढून दिला. "तुम्हारी मर्जी. मगर कल इतवार है, दुकान बंद. फिट नै हुआ तो परसों आना." मी मनात म्हटलं, फिट न व्हायला काय झालं. घरी आलो, जेवलो आणि पाच मिनिटांचं काम सकाळी करू म्हणून झोपलो.

रविवारी सहाला खाली गेलो तर आबा माझ्याआधी येऊन पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसलेले. धुतलेलं धोतर, बांधलेला फेटा, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कातर. ती त्यांनी आदल्या दिवशी बाल्कनीच्या कडप्प्यावर घासून लावली होती, हे मला नंतर सत्यशीलाने सांगितलं. ऊन चढायच्या आत पोचलं पाहिजे, उन्हात मेंढरू धापतं, एवढंच ते म्हणाले. मी बोनेट उघडलं, नवा फिल्टर डब्यात ठेवला. तो बसला नाही. आडवा ठेवला, उभा ठेवला, एका बाजूने दाबला. सगळीकडून बोटभर मोठा होता.

मागं वळून आबांकडे बघायची माझी छाती होईना. तेवढ्यात सुदर्शनराव दूध घेऊन येत होते आणि राजकुमारराव दात घासत गॅलरीतून उतरले. राजकुमारराव म्हणाले की फिल्टरबिल्टर काही लागत नाही, साडूची गाडी बिनफिल्टरची नागपूरला जाऊन आली. परत आल्यावर तिचं काय झालं ते त्यांनी ओघातच सांगितलं. सुदर्शनरावांनी मात्र दुधाची पिशवी खाली ठेवली, खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. घेऊन जा, संध्याकाळी आणून द्या, म्हणाले.

कुणीही शहाणा माणूस ती किल्ली घेऊन निघाला असता. पण आबा बघत होते. तू कागदावरचा माणूस हे वाक्य गुरुवारपासून माझ्या डोक्यात माशीसारखं घोंगावत होतं. मी सुदर्शनरावांना म्हटलं, छे छे, झालंच की. आणि दोन्ही हातांनी तो फिल्टर दुमडून डब्यात कोंबला. झाकण लागेना, बोटभर फट राहिली आणि एक क्लिप तर आधीच नव्हती. मग सत्यशीलाने वरून एक परकराचा नाडा टाकला. त्याने मी झाकण आवळून बांधलं आणि गाठीवर गाठ मारली. सुदर्शनराव क्वालिटीतला माणूस. त्यांनी ती गाठ पाहिली आणि दुधाची पिशवी उचलून निघून गेले.

आणि गाडी चालली. पैठण रोडला लागलो तेव्हा ती इतकी चांगली पळत होती की मी शीळ वाजवायला लागलो. चितेगाव मागं पडलं. आबा मान थोडी तिरकी करून इंजिन ऐकत होते. बिडकीनच्या पुढं कच्च्या वाटेला वळल्यावर समोरून मुरुमाने भरलेले दोन हायवा ट्रक गेले आणि आम्ही तांबड्या धुळीत बुडालो. पहिल्या खड्ड्यात काहीतरी सटकलं. दुसऱ्या खड्ड्यात काहीतरी निसटलं. तिसऱ्यात गाडी दोनदा खोकली आणि एका बाभळीजवळ शांतपणे थांबली.

बोनेट उघडलं तर नाडा सुटून पंख्याच्या जाळीत गेलेला, झाकण वर, फिल्टर उपमा फुगावा तसा फुगून बाहेर आलेला आणि जाडसर नळी डब्यापासून सुटून लोंबत होती. मी नळी बसवली, ती निघाली. पुन्हा बसवली, पुन्हा निघाली. कोपरापर्यंत काळा झालो. बिभीषणचा फोन आला. माणसं कातरी घेऊन खोळंबली होती आणि ऊन चढत होतं. आबा बाभळीखाली काठीवर भार देऊन उभे होते. समोर अर्ध्या मैलावर, उघड्या माळावर कळप दिसत होता.

मी बोनेट पाडलं. आता सांगायला सबबही उरली नव्हती आणि अब्रूही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं की आबा, मला नाही जमलं. मग तोंड उघडलंच आहे तर सगळंच बाहेर पडलं. मागच्या दोन्ही वेळी गाडी चांगली होती, टायरही आणि बॅटरीही. मीच खोटं बोललो.

आबांची नजर माळावरून हलली नाही.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "रोज तू कामाला जाताना खालनं तिचा आवाज येतो की. मेंढराचा खोकला वळखितो मी, हिचा नाय वळखायचा व्हय?"

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"काय बोलायचं? गाडी धड व्हती तवा तू निघाला नाय. आज मोडकी हाय, तर निघालास. बास की." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. गुडघ्यांसाठी टाकला असेल, पण टाकला. तेवढ्यात बिभीषण मोटरसायकल घेऊन येताना दिसला. आबांनी त्याला हाताने थांबवलं आणि चालत जाऊ म्हणाले. त्या अर्ध्या मैलाला आम्हाला पाऊण तास लागला, वाटेत चार ठिकाणी बसलो.

कळपाजवळ पोचल्यावर आबा वेगळेच झाले. मेंढरं त्यांच्याभोवती गोळा झाली आणि ते एकेकीच्या कानाला हात लावून तिला नावाने हाक मारत राहिले. पहिलं मेंढरू कातरायला त्यांना खाली बसवेना, तेव्हा ते बाजेच्या कडेवर बसले आणि मेंढरू त्यांच्या पुढ्यात आणून त्याचे पाय धरायचं काम माझ्याकडे आलं. मेंढरू दिसतं गरीब, पण ते लाथ मारताना हुद्दा बघत नाही. माझा चष्मा गेला, घड्याळ गेलं, शर्टाची दोन बटणं गेली. आबांची कातर मात्र लोकरीखालून सरसर फिरत होती आणि लोकर एका अंगाने सबंध गोधडीसारखी सुटत होती. पहिलं मेंढरू सुटलं तशी बाकीच्यांनी कातरी उघडल्या. संध्याकाळपर्यंत मी सतरा मेंढरांचे पाय धरले. आबांनी तेवढीच कातरली आणि मध्ये एकदाही गुडघ्याचं नाव काढलं नाही.

ऊन कलल्यावर बिभीषण गाडी घेऊन माळावर आला. त्याने बिडकीनहून मिस्तरी आणला होता. तिथल्या एका साध्या दुकानात नेमक्या मापाचा फिल्टर खुंटीला टांगलेला होता म्हणे. मिस्तरीने तो बसवला, नळीला पट्टी मारली आणि दहा मिनिटांत निघून गेला. बिभीषण इंजिन चालू ठेवूनच उतरला. गाडी अशी वाजत होती जशी ती शोरूममधून आणल्या दिवशीही वाजली नसेल. निघा आता, अंधाराच्या आत घरी पोचाल, असं तो म्हणाला.

आबा बाजेवर बसले होते. एक कोकरू त्यांच्या पायाशी येऊन पडलं होतं आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. पहाटे कळप निघणार होता. ते माझ्याकडे बघून काठी शोधायला लागले.

मी गाडीजवळ गेलो, बोनेटवर कान टेकवला आणि बिभीषणला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाय बा, गाडीचं काय खरं दिसत नाय. आज रात्री इथंच राहावं लागंल. सकाळी कळप निघाल्यावर बघू."

बिभीषण माझ्याकडे बघतच राहिला. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. आबांनी काठी खाली ठेवली, मान तिरकी करून बराच वेळ तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "व्हय. लई वाईट आवाज येतोय."